नखाएवढा कोपरा

१

पासपोर्टाला तीनच कोपरे होते. चौथ्याच्या जागी नखाएवढी खाच होती, चंद्राच्या कोरीसारखी आत वळलेली.

सुखरामने तो उजेडात धरला. गोठ्यात तनसाच्या ढिगाआड मामा-भाचे उभे होते. बाहेर ओसरीवर बसायला आलेल्या बायांचा आवाज मधूनच चढत होता, मधूनच विझत होता.

"एवढ्याश्यानं, मामा," कुलदीप म्हणाला. "एवढ्याश्यानं मले वापस पाठवलं."

"काय म्हनले ते? सारं सांग."

"काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट पाह्यला, बंद केला, या खाचेवरून बोट फिरवलं. म्हने, कोपरा कोनी कापला? मी म्हटलं, मले काय मालूम. तिनं साहेबाले बलावलं. साहेब म्हने, रद्द झालेल्या पासपोर्टाचा असा कोपरा कापतेत. हा घेऊन तिकडं उतरला तं दारातूनच परत धाडतीन. म्या हात जोडले, मामा. भाऊ दवाखान्यात हाय म्हटलं. साहेबाच्याबी डोळ्यांत पानी आलं. पन विमान गेलं."

मनिष, कुलदीपचा थोरला भाऊ, मस्कतला वेल्डिंगच्या कामावर होता. परांचीवरून पडला आणि दवाखान्यात गेला. कंपनीचा फोन आला, घरचं कोणी येत असेल तर लवकर या. कुलदीपचा पासपोर्ट आधीच काढून ठेवलेला होता, म्हणून तो निघाला आणि नागपूरच्या विमानतळावरून परत आला. नवा पासपोर्ट हाती येईपर्यंत मनिष थांबला नाही. दवाखान्यातल्या केरळच्या नर्सने फोनवर तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, आपका भाई दरवाजा देखता था. कोई आया क्या, पूछता था.

मग पेटीतून आला तो मनिष. वैनगंगेच्या काठी त्याला अग्नी दिला तेव्हा शेतांतून लाखोरी निळीशार फुललेली होती. त्या फुलांकडे बघवत नव्हतं.

"मायले दाखवला हा?" सुखरामने विचारलं.

"नाही. तिले एवढंच सांगतलं का पासपोर्ट फाटला होता. तिनं पाह्यला असता तं चुलीत घातला असता."

"बरं केलं. आताबी नको दाखवू. कोपऱ्याचं आनखी कोनाले मालूम हाय?"

"बंटीले. तो मले गाडीनं घेऊन गेला होता."

सुखराम पोलिसात जमादार म्हणून निवृत्त झालेला माणूस, राहणारा अड्याळचा. चोरी कशी झाली ते गावाला सांगायचं नाही, ज्याच्या तोंडून ते आपसूक निघेल त्याला धरायचं, ही त्याची जुनी रीत. विचार करताना त्याचं बोट डाव्या कानाकडे जाई. त्या पाळीला जन्मल्या दिवसापासूनची खाच होती. ठाण्यातले लोक त्याला पाठीमागे 'खाचे जमादार' म्हणत, आणि त्याच्या कानावर आलं की तोही हसे.

आत्ताही बोट तिथेच होतं, पण हसू नव्हतं. ओसरीवरून बहिणीचा आवाज आला होता. रडण्याचा नव्हे, गाण्याचा.

*ज्यानं मोडलं पाऊल, त्याच्या दारी उगो काटा,*
*माया लेकराची वाट, त्यानं केली आडवाटा.*

२

सत्यभामाबाई एकेकाळी रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या साऱ्या बायांना आपल्या आवाजामागे ओढून नेई. चिखलात पाय, हातात धानाचे परे आणि तोंडात ओवी. बाया म्हणत, सत्यभामा गाते तेव्हा कंबर दुखत नाही. मनिष गेल्यापासून मात्र तिच्या तोंडी ही एकच ओवी उरली होती.

बाया उठून गेल्या तसा सुखराम तिच्याजवळ जाऊन बसला. तिच्या मांडीवर आईचा पितळी अडकित्ता होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ती सुपारी कातरत होती. कट्, कट्.

"सुख्या, तू पोलिसात होता ना?"

"होतो, बाई."

"लोकायच्या कोंबड्या-बकऱ्यायचे चोर धरले तुवा. आता मायं एक काम कर. मायं लेकरू दाराकडं पाहत मेलं. कोनामुळं मेलं, त्याचं नाव मले सांग."

"फाटला असंन बाई, कागदच तो."

"आपोआप फाटत नसते." अडकित्ता थांबला. तिने मान न वळवता आतल्या दाराकडे डोळे फिरवले. आत शिलाई मशीनजवळ मनिषची बायको अंजू पाठमोरी बसली होती. "नवऱ्यापाशी दीर जाते अन् मी नाही जात, म्हनून थयथयाट केला होता तिनं. आदल्या दिवशी. साऱ्या मोहल्ल्यानं आयकलं. मले तं मालूम हाय कोनाचे हात ते. तेरवी झाली का तिचा भाऊ येऊन राहिला तिले न्याले. या घरात नाही ठेवत मी तिले."

"अवं बाई, तिचं कुकू गेलं..."

"मायं पोटचं गेलं!" ती एवढी मोठ्याने ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मग आवाज एकदम खाली आला. "मले भेव वाटूनच राहिलं होतं, सुख्या. एक पोरगा तिकडं पडेल हाय, दुसऱ्याले कायले त्याच तोंडात द्यावं? तुले फोन नाही केला म्या? काय म्हनला होता तू?"

सुखरामला आठवलं. फोनवर ती रडत होती, आणि तिला हसवावं म्हणून तो म्हणाला होता, काही होत नाही बाई, मायाकडं पाह, मी जगलो का नाही?

"धीर दिला तुवा," ती म्हणाली. "म्हनून तं पाठवलं म्या त्याले."

तिने सुपारीचं खांड त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते तोंडात टाकलं नाही. त्याला दुसरंच काही आठवत होतं. कुलदीप निघायच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतः लाडवांचा डबा घेऊन इथे आला होता. पासपोर्ट कौतुकाने हातोहात फिरला होता. अंजूच्या हाती गेला, बंटीच्या हाती गेला, कुलदीपकडे तर होताच. आणि शेवटी त्याच्याही हाती आला होता. तेव्हा चारही कोपरे जागेवर होते, हे तो शपथेवर सांगू शकला असता.

३

"तुमीबी मलेच इचाराले आले, मामाजी?"

अंजूने मशीनवरून मान वर केली नाही. चाकाला हात लावलेला होता, पण चाक फिरत नव्हतं. समोर गाठोडं बांधून तयार होतं. दोन लुगडी, मनिषचा एक जुना शर्ट आणि कात्री, एवढंच.

"सगळ्यायलेच इचारतो, बेटा. पासपोर्ट कसा खराब झाला असंन, तुले काय वाटते?"

"मले काय मालूम. भिजला असंन. फाटला असंन. वापस आल्यावर मले तं कोनी दाखवलाबी नाही."

"तू भांडली होती म्हनतेत."

"भांडली." आता तिने वर पाहिलं. डोळे कोरडे होते, फार रडून झालेल्या माणसाचे असतात तसे. "काहून नाही भांडनार? लगन झालं अन् तीन पावसाळ्यांत तो निघून गेला. फोनमदल्या माणसासंगं संसार केला म्या. पडला तं म्हटलं मले जाऊ द्या. मायाकडं पासपोर्ट नाही, मले मालूम होतं. पन मानसानं म्हनूबी नये का, मामाजी?"

सुखरामने गाठोड्यातली कात्री मागितली. कपाटाखालचा जुना पुठ्ठा ओढून त्याचा कोपरा कापला. कात्रीने सरळ रेघ पाडली. दोनदा, तीनदा कापून पाहिलं, वळवून पाहिलं. कोर काही होईना.

"काय करून राहिले?"

"काही नाही. पासपोर्ट शेवटचा तुयाकडं होता?"

"मायाकडं कसाचा? आई म्हने, त्याले पिशवी शिव, गळ्यात अडकवाची. म्या शिवली. मनिषच्या लगनातल्या धोतराचा तुकडा होता, त्याची शिवली." तिचा आवाज इथे चिरला. "पिशवी अन् पासपोर्ट आईपाशी देला. आईनं रातभर देवापाशी ठेवला, तांदूळ वाहले, सकाळी कुलदीपच्या गळ्यात घातला. मंग मी कवा फाडला, तुमीच सांगा ना?"

"हे तू तुया सासूले नाही सांगतलं?"

"आयकून घ्याले कोनाले कान हायेत इथं?" असं म्हणून तिने सुखरामच्या कानाकडे पाहिलं आणि एवढ्या दुःखातही ओठ दाबला. "माफ करा, मामाजी."

"हस बेटा," तो म्हणाला. "अर्धा हाय, पन आयकू येते."

बाहेर पडताना कुलदीप बैलाला पाणी दाखवत होता. सुखरामने त्यालाही सोडलं नाही. "तुले जायाचं होतं का रे? खरं सांग."

कुलदीपने बादली खाली ठेवली. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"भेव वाटत होतं. विमानाचं नाही. त्याले नळ्या लावलेलं पाहाचं भेव. साहेब नाही म्हनला ना मामा, तवा एक घडीभर मले... मले बरं वाटलं." त्याने तोंड फिरवलं. "ते कोनाले सांगू नका."

घाबरलेल्या माणसाने स्वतःचाच पासपोर्ट कापला, असंही होऊ शकतं. ठाण्यात असताना सुखरामने हेच लिहून प्रकरण मिटवलं असतं. पण एका माणसाला भेटायचं राहिलं होतं, आणि कोपरा कापलेला पासपोर्ट म्हणजे काय, हे आधीपासून ठाऊक असलेला तो एकटाच होता.

४

वरठीला कारखान्याची पाळी सुटली की सायकली आणि मोटारसायकलींची रांग लागते. बंटी त्या रांगेतून चहाच्या टपरीपाशी थांबला. हेल्मेट काढता काढताच म्हणाला, "काय जमादार साहेब, हातकडी आनली का खिशात?"

"चहा पाज पहिले. मंग पाहू."

बंटी कुलदीपचा लहानपणचा दोस्त. चार वर्षं आखातात काढून आलेला. मनिषने आपल्या कंपनीत एक जागा असल्याचं कळवलं तेव्हा ती बंटीला हवी होती. मनिषने ती भावासाठी ठेवली. म्हणूनच तर कुलदीपचा पासपोर्ट तयार होता.

"राग आला होता तुले?"

"आला नाही म्हनलो तं तुमी मानसान का? महिनाभर बोललो नाही कुलदीपसंगं. पन मनिषभाऊ पडला म्हनताना मीच गाडी काढली ना, मामा. मीच विमानतळावर बाहेर उभा होतो. तो काचेतून परत येताना दिसला..." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "जाऊ द्या. काय दाखवू तुमाले, बोला."

सुखरामने मागितला तो त्याचा जुना, रद्द झालेला पासपोर्ट. तो डिकीतच होता, विम्याच्या आणि गाडीच्या कागदांमध्ये. त्याचा कोपरा सरळ छाटलेला होता, पतंगाचं टोक कापावं तसा. सुखरामने खिशातून कुलदीपचा काढून शेजारी ठेवला.

बंटीने दोन्ही पाहिले. मग कुलदीपचा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"मामा, तुमी पोलिसवाले. पन एक सांगू? बिघडवाचाच असता ना, तं म्या फोटोवर चहा सांडवला असता. काम खतम, अन् नाव चहाचं. हे पाहा," त्याने शेवटचं पान उघडलं, जिथे आईबापाचं नाव असतं ते. "अक्षर कुठं संपते, अन् कापलं कुठून. एक कानाबी तुटला नाही. फोटो दुसऱ्या टोकाले, त्याच्याकडं तं गेलाच नाही. एवढं सांभाळून कोनी नुकसान करते का?"

"मंग?"

"मंग मले नाही समजत. ज्यानं कापला, त्याले हा पासपोर्ट चालाले पायजे होता."

टपरीवाल्याने रेडिओ लावला. सुखरामला तो ऐकू येत नव्हता. परतीच्या वाटेवर, एस.टी.च्या खिडकीशी, धानाचे रचलेले पुंजणे मागे पळत असताना, ते वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. ज्याने कापला त्याला तो चालायला हवा होता. त्याने चौघांना विचारलं होतं. कुलदीप आणि बंटीला कोपऱ्याचं ठाऊकच होतं; उरलेल्या दोघी भिजला, फाटला, असंच बोलल्या. दोघींपैकी एकीच्याही तोंडून 'कापला' हा शब्द निसटला नव्हता. त्याची जुनी रीत पहिल्यांदाच फसली होती.

की फसली नव्हती? माणूस लपवतो तेव्हा कधीतरी निसटतं. ज्याला लपवायचंच नाही, ज्याला आपण काही बिघडवलं हेच ठाऊक नाही, त्याचं काय निसटणार?

त्याने खाच पुन्हा पाहिली. कापलेल्या कडेवर एका बाजूला पुठ्ठा दबलेला होता, आणि तिथे तपकिरी, काताच्या रंगाचा पुसट डाग होता.

५

तेरवीचा आदला दिवस. दुपार उतरत होती. ओसरीवर सत्यभामाबाई उद्याच्या पानविड्यांसाठी सुपारी कातरत बसली होती.

कट्.

सुखराम शेजारी टेकला. कातरलेलं खांड त्याच्या पायाशी घरंगळलं. त्याने ते उचललं. सुपारीचा कापलेला भाग सपाट नव्हता. अडकित्त्याच्या वळलेल्या पात्याने त्याला हलकासा बाक दिला होता, कोरीसारखा. आणि सुखरामचं बोट, नेहमीसारखं, डाव्या कानावर होतं.

बोट तिथेच थिजलं.

त्याच्याआधी त्याच्या आईचे दोन मुलगे पाळण्यात गेले होते. दोघेही गोरेगोमटे, जावळ दाट. तिसरा झाला त्या दिवशी आईने कोणालाही बाळाचं तोंड पाहू दिलं नाही. बाळाला लहानग्या सत्यभामेच्या मांडीवर दिलं, दिव्याच्या ज्योतीवर अडकित्ता शेकला आणि बाळाच्या कानाच्या पाळीचा नखाएवढा तुकडा काढला. धडधाकट असतं ते नेणाऱ्याच्या नजरेत भरतं. खोट असलेलं तो बाजूला टाकून पुढे जातो. म्हणून खोट पाडायची. जिवाला नाही, कडेला. आणि काढलेला तुकडा तांदळात घालून, पिवळ्या कपड्यात गाठ मारून देवाच्या खुंटीला टांगायचा. ही गोष्ट सत्यभामाबाईने त्याला शंभरदा सांगितली होती. तू रडला, मी तुयापेक्षा जास्त रडली, पन तू जगला.

मायाकडं पाह, मी जगलो का नाही?

सुखराम उठला. देवापाशी तेलाचा दिवा मिणमिणत होता. खुंटीला नवी पिवळी गाठ टांगलेली होती. त्याने ती सोडली. आत तांदूळ, कुंकू आणि नखाएवढा, गडद निळ्या पुठ्ठ्याचा तुकडा.

तिने कुलदीपला अडवलं नव्हतं. त्याने जावं, पोचावं आणि परत यावं, म्हणून त्याच्या पासपोर्टाचा कान कापला होता. पोराने एकदा बोट ठेवून दाखवलं होतं, हे पाह माय, इथं तुयं नाव हाय. त्याच पानाची कड तिने निवडली होती. आपल्या नावाच्या शेजारची.

आणि त्या कापण्यामुळेच मनिष दाराकडे पाहत गेला. रोज जिच्या दारी काटा उगवण्याचा शाप दिला जात होता, ती शाप देणारीच होती. आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

"काय पाहून राहिला रे तिथं?"

ती मागे उभी होती. सुखरामने गाठ मुठीत घेतली, पुन्हा आवळली, खुंटीला लावली.

"काही नाही, बाई. दिव्यातलं तेल सरलं वाटते."

"सापडलं का नाव?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

६

तेरवीच्या पंगती उठल्या. पाहुणे गेले. अंजूचा भाऊ अंगणात मोटारसायकलला टेकून खाली मान घालून उभा होता. अंजू गाठोडं घेऊन ओसरीच्या कडेला बसली होती, माणूस एस.टी.ची वाट पाहत बसतो तशी.

"सांग," सत्यभामाबाई म्हणाली. "सगळे हायेत. हिच्या तोंडावर सांग."

सुखरामने रात्रभर शब्द जुळवून ठेवले होते. 'कापला' हा शब्द त्यात कुठेही येऊ द्यायचा नव्हता.

"अंजूनं नाही केलं, बाई. म्या केलं."

सत्यभामाबाईची मान त्याच्याकडे वळली.

"त्या संध्याकाळी पासपोर्ट मायाजवळ होता. पाहता पाहता बॅगेत ठेवला. काढताना चेनमधी पान अडकलं अन् फाटलं. भेवानं बोललो नाही. बारीकसं होतं, चालून जाईन वाटलं." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "काटा मायाच दारी उगू दे, बाई. पोरीले जाऊ नको देऊ."

"तुवा?" तिचा आवाज फुटला. "तुले म्या मांडीवर..."

"झूट!" कुलदीप मध्येच ओरडला. "झूट बोलून राहिला मामा! कोनाले वाचवून राहिला तू? चेनमधी फाटला म्हने! कापलेला होता तो, माय. कोपरा कापलेला! हा पाह!"

"कुलदीप, चूप!" सुखराम उठला. उशीर झाला होता. भाच्याने त्याच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्ट ओढून आईच्या पुढ्यात टाकला होता.

"कापलेला?" ती म्हणाली. "फाटला नोहोता?"

"कुठीसा फाटला नोहोता. हे एवढंसंच. एवढ्याश्यानं परत पाठवलं मले!"

सत्यभामाबाईने पासपोर्ट दोन्ही हातांनी उचलला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठे आहे ते ठाऊक होतं. तिने शेवटचं पान उघडलं. अंगठा कडेने सरकत खाचेपाशी आला आणि तिथे बसला. नेमका बसला.

तिने मान वर करून भावाकडे पाहिलं. त्याचं बोट कानावर होतं. त्याने ते झटकन खाली घेतलं.

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. तेवढाच आवाज.

"म्या तं," ती म्हणाली, "एकाबी अक्षराले हात नोहोता लावला."

कुलदीपला आधी कळलं नाही. मग कळलं. तो भिंतीला धरून खाली बसला.

"बाई, मीच म्हनलो होतो ना, मायाकडं पाह म्हनून. तुवा पाह्यलं. चूक असंन तं माई हाय."

"आईच्या हाताले गुन होता. तिनं कापलं अन् तू जगला."

"कुलदीपबी जगला, बाई."

"हाव. हा जगला." तिने पासपोर्ट मिटला. "अन् थो दाराकडं पाहत गेला."

ती उठून अंजूजवळ गेली, खाली बसली आणि तिच्या गाठोड्याची गाठ सोडू लागली. गाठ पक्की होती. नखं सुटत होती. मग अंजूने सासूचे हात हलकेच बाजूला केले आणि आपली गाठ आपणच सोडली. मनिषचा शर्ट वर आला. दोघींपैकी कोणीच तो उचलेना.

अंजूच्या भावाने मोटारसायकल सुरू केली आणि एकटाच निघून गेला.

७

सकाळी सुखराम अड्याळला निघाला तेव्हा बहिणीने पिवळी गाठ त्याच्या हातावर ठेवली.

"जाता जाता बोडीच्या पान्यात सोड."

"सोडतो."

"अन् येत जा रे. तुयाशिवाय कोन हाय मले शिव्या द्याले."

तो हसला नाही, तीही नाही. तो अंगण ओलांडून रस्त्याला लागला. मागे ती उंबऱ्यावर बसली होती. सवयीने तिच्या तोंडातून ओवी निघाली.

*ज्यानं मोडलं पाऊल, त्याच्या दारी...*

आणि तिथेच थांबली. पुढचा शब्द येईना. ती ज्या दारात बसली होती ते दार तिने डावीकडून उजवीकडे पाहिलं, जणू कोण्या परक्याचं पाहावं तसं.

वळणावरून सुखरामने एकदा मागे पाहिलं. अंजू शेणाच्या सड्याची बादली घेऊन बाहेर आली होती.

"आई, पाय वर घ्या," ती म्हणाली.

सत्यभामाबाईने पाय वर घेतले. अंजूने त्या दारी सडा टाकला.